जुना मॉनिटर बंद पडला? सीमाभागात नवा निवडताना काय काय बघावं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दर गल्लीत एक तरी कॉम्प्युटर असा असतो, ज्यावर कुणाचं तरी घर चालतं. लग्नपत्रिका लावणारं डीटीपी, उतारे काढून देणारं सेवा केंद्र, पतसंस्थेची शाखा, उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं छोटं ऑफिस, टॅली शिकवणारा क्लास. सीपीयू आठ-दहा वर्षं आरामात चालतो. मॉनिटर मात्र एखाद्या वळवाच्या पावसात अचानक जातो आणि मग दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं म्हणून जो मिळेल तो उचलून आणला जातो.

हा लेख पहिल्यांदाच मॉनिटर घेणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे मॉनिटर घेताना दोनच प्रश्न विचारले जातात: किती इंची आणि कितीला? माझं म्हणणं असं, की त्याआधी आणखी दोन प्रश्न विचारा. यावर आपली अक्षरं कशी दिसतात? आणि बिघडला तर आपल्या गावात तो बघणारं कोण आहे?

गेलंय ते मॉनिटरच ना?

पडदा काळा झाला म्हणजे मॉनिटर गेला असं नसतं. आधी मॉनिटरची व्हिडिओ केबल सीपीयूच्या बाजूने काढा आणि फक्त लाईटची वायर ठेवून मॉनिटर चालू करा. ‘नो सिग्नल’ किंवा तशा अर्थाचं काही पडद्यावर आलं, तर मॉनिटर बहुधा ठीक आहे. मग दोष केबलमध्ये किंवा सीपीयूमध्ये शोधायचा. रॅम सैल झालेली असते, नाहीतर ग्राफिक्स कार्ड असलेल्या सीपीयूत केबल चुकून मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असते.

काहीच आलं नाही पण बटणापाशी दिवा लागतोय, असं असेल तर केबल परत जोडा, खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च पडद्यावर तिरका मारा. डेस्कटॉपची आकृती अंधुक दिसली, तर चित्र तयार होतंय, फक्त मागचा उजेड म्हणजे बॅकलाइट गेलाय. दिवाही लागत नसेल तर आधी ॲडॉप्टर तपासा. बाहेरचा ॲडॉप्टर असेल तर काही शे रुपयांत बदलून काम होतं, मात्र व्होल्ट आणि पिन जुन्याशी जुळली पाहिजे. आतल्या पॉवर बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले असले, तरी ओळखीचा मेकॅनिक ते कमी पैशात बदलून देतो. स्वतः मात्र मागचं झाकण उघडू नका. वायर काढल्यावरही आत काही वेळ जबर करंट साठलेला असतो.

पडद्यावर उभ्या रंगीत रेघा आल्या असतील किंवा काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा असेल, तर पॅनेल (चित्र उमटवणारी मुख्य काच) गेलं. पॅनेल बदलण्याचा खर्च जवळजवळ नव्या मॉनिटरएवढा होतो. तिथे दुरुस्तीच्या नादी लागू नका.

सीपीयूच्या मागे काय आहे ते बघून मगच बाहेर पडा

सीपीयूच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. निळं, पंधरा भोकांचं पोर्ट म्हणजे व्हीजीए. चपटं, खालचे दोन्ही कोपरे आत वळलेलं ते एचडीएमआय. त्याच्यासारखंच पण एकच कोपरा कापलेलं ते डिस्प्लेपोर्ट. पांढरं, रुंद, पुष्कळ भोकांचं डीव्हीआय. जुन्या सीपीयूत पुष्कळदा व्हीजीए असतंच, सोबत डीव्हीआय किंवा डिस्प्लेपोर्ट. स्वस्तातल्या नव्या मॉनिटरवर आजही व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही येतात, पण सगळ्यांवर नाही.

जमेल तिथे व्हीजीए टाळा. त्यातून अक्षराच्या कडा किंचित विरघळतात. डीव्हीआय किंवा डिस्प्लेपोर्ट असलेल्या सीपीयूला एचडीएमआय मॉनिटर साध्या केबलने किंवा छोट्या कन्व्हर्टरने जोडता येतो. कन्व्हर्टर बहुधा एकाच दिशेने चालतो हे मात्र ध्यानात असू द्या. ‘एचडीएमआयमधून व्हीजीए’ आणि ‘व्हीजीएमधून एचडीएमआय’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दिसायला सारख्या असल्यामुळे त्यांची अदलाबदल फार होते.

किती इंची? त्याआधी अक्षर बघा

इथे जरा सावकाश जाऊ, कारण पैसे वाया जातात ते इथेच.

पडद्यावर एका इंचात किती ठिपके बसतात, यावर अक्षराची रेखीवता ठरते. 1920 × 1080 म्हणजे फुल एचडी धरलं, तर 21.5 इंची पडद्यावर इंचाला सुमारे 102 ठिपके बसतात, 23.8 इंचीवर सुमारे 93 आणि 27 इंचीवर जेमतेम 82. म्हणजे तेवढेच ठिपके मोठ्या काचेवर ताणले जातात. 27 इंची घ्यायचाच असेल तर 2560 × 1440 चा घ्या. तिथे इंचाला 109 ठिपके मिळतात, पण किंमतही बरीच वर जाते.

इंग्रजी ‘ए’ किंवा ‘टी’ 82 ठिपक्यांतही चालून जातात. आपल्या कामात मात्र वर रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, त्यावर अनुस्वार, आणि सगळं एकाच अक्षरात. सीमाभागात भर म्हणून कन्नड आहे. तिथे जोडाक्षराचा अर्धा भाग अक्षराखाली बारीक होऊन बसतो. एकाच दुकानात सकाळी श्रीलिपीत मराठी पत्रिका आणि दुपारी नुडीत कन्नड अर्ज टाइप होतो. ठिपके विरळ असले की दिवस संपता संपता डोळे चोळायची पाळी येते आणि प्रूफात चुका राहतात.

म्हणून दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर आपल्या कामाची एक फाइल न्या. त्यात 9 किंवा 10 पॉइंटमध्ये असे शब्द असू द्या: राष्ट्रीय, सर्वांना, तुऱ्याला, उद्ध्वस्त, शृंगार, वाङ्मय, ‘चि. सौ. कां.’. खाली दोन ओळी कन्नड. दुकानातल्या मॉनिटरवर नेहमी डोंगर-दऱ्यांचा चमचमीत व्हिडिओ लावलेला असतो, त्यात सगळेच मॉनिटर सुंदर दिसतात. सरळ म्हणा, “दादा, व्हिडिओ राहू दे, ही एवढी फाइल उघडून दाखवा की.” नेहमी बसता तेवढ्या अंतरावरून, साधारण हातभर लांबून, ‘द्ध्व’ मधला ‘ध’ सुटा दिसतो का, अनुस्वार रफाराला चिकटतो का, ते बघा. कुठल्याही जाहिरातीपेक्षा या एका ओळीवरून जास्त कळतं.

डीटीपी आणि सेवा केंद्रासाठी माझी शिफारस 22 ते 24 इंची फुल एचडी. डोळ्यांना चष्मा असेल, वय पन्नाशीच्या पुढे असेल तर 24, आणि विंडोजमध्ये अक्षरांचा आकार 125 टक्के ठेवा. एक्सेल आणि टॅलीवाल्यांनाही 24 बरा, आडवे कॉलम जास्त मावतात. 18.5 आणि 19 इंची मॉनिटर पुष्कळदा 1366 × 768 चे असतात. फक्त बिल फाडायच्या काउंटरला ठीक, बाकी कामाला आता नको.

“त्यापेक्षा 32 इंची टीव्ही घेऊ, दोन्ही कामं होतील” हा सल्ला घरोघरी मिळतो. स्वस्तातला 32 इंची एचडी रेडी टीव्ही 1366 × 768 चा असतो, म्हणजे इंचाला पन्नासही ठिपके नाहीत. त्यावर मालिका बघता येते, पण रोज आठ तास मराठी टायपिंग करता येत नाही.

पॅनेल कोणतं?

तीन जाती आहेत: टीएन, व्हीए आणि आयपीएस. टीएन सगळ्यात स्वस्त, पण खालून किंवा बाजूने बघितलं की रंग उलटेपालटे होतात. व्हीएमध्ये काळा रंग गडद दिसतो, सिनेमाला चांगला. आयपीएस कुठूनही बघा, रंग जवळपास तेच राहतात.

आपल्याकडच्या दुकानात मॉनिटर एकटा ऑपरेटर बघत नाही. पत्रिका लावताना मागे वधूपिता उभे असतात, बाजूला मामा, स्टुलावर मावशी. सेवा केंद्रात अर्जदार काउंटरच्या पलीकडून मान वाकडी करून आपलं नाव बरोबर पडलंय का ते तपासतो. टीएन पॅनेलवर ऑपरेटरला कुंकवाचा लाल दिसतो तो मावशींना विटकरी दिसतो, आणि छापून आल्यावर वाद होतो. त्यामुळे गिऱ्हाइकाला पडदा दाखवावा लागणाऱ्या कुणीही आयपीएसच घ्यावा. छपाईच्या कामासाठी माहितीपत्रकात ‘99 टक्के एसआरजीबी’ किंवा ‘72 टक्के एनटीएससी’ (पडदा किती रंग दाखवतो याची ही मापं) असं काही लिहिलंय का बघा. ‘45 टक्के एनटीएससी’ असेल तर रंग फिके येणार.

उजेड 250 निट्स असला की पुरे. दुकान रस्त्याकडे तोंड करून असेल, दुपारचं ऊन आत येत असेल, तर चकचकीत काचेचा पडदा घेऊ नका, मॅट घ्या. ‘फ्लिकर फ्री’ म्हणजे उजेड न लुकलुकणारा असेल तर उत्तम. 75 किंवा 100 हर्ट्झ (सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र ताजं होणं) आता स्वस्तातही येतं. लेखी कामाला त्याने फार फरक पडत नाही, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

नवा की वापरलेला?

सध्या 22 इंची नवा साधारण साडेपाच-सहा हजारांपासून, 24 इंची आयपीएस सात ते अकरा हजारांच्या आसपास मिळतो. वापरलेले 22 इंची त्याच्या निम्म्यात येतात. बेंगळुरू-पुण्याच्या मोठ्या कंपन्या ऑफिसातले मॉनिटर काही वर्षांनी लॉटमध्ये काढतात, तेच फिरत आपल्याकडे येतात. हे ऑफिसचे मॉनिटर बांधणीला मजबूत असतात, पुष्कळांचा स्टँड वर-खाली होतो, काही उभे फिरवताही येतात. उभ्या पानाची कागदपत्रं दिवसभर बघणाऱ्याला ही मोठी सोय आहे. बजेट खरोखर तंग असेल तर अनोळखी कंपनीच्या सगळ्यात स्वस्त नव्यापेक्षा असा एखादा मी आधी बघेन.

पण तपासून. मागच्या लेबलवर बनवल्याची तारीख असते. सहा-सात वर्षांपेक्षा जुना नको. पूर्ण पांढरं पान उघडा: कडा पिवळसर दिसतात का, कुठे सावलीचा डाग आहे का. मग पूर्ण काळं पान उघडून कोपऱ्यांतून उजेड गळतोय का बघा. बटणं सगळी दाबा. अर्धा तास चालू ठेवून मग परत बघा, कारण कमजोर बॅकलाइट तापल्यावर थरथरायला लागतो. आणि बिलावर निदान तीन महिन्यांची दुकानाची हमी लिहून घ्या. तोंडी “काय झालं तर घेऊन या की” याला अर्थ नाही.

नवा घेताना मागच्या लेबलवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. खोक्यावरचा, मॉनिटरवरचा आणि बिलावरचा सिरियल नंबर एकच हवा.

बेळगाव, कोल्हापूर, हुबळी की ऑनलाइन?

निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळ, खानापूरच्या माणसाला बेळगाव, आणि “तिकडे स्वस्त पडतं” हे सगळ्यांनी ऐकलेलं. कराच्या दृष्टीने तिकडे-इकडे काही नाही. मॉनिटरवर जीएसटी दोन्ही राज्यांत 18 टक्केच आहे. फरक पडला तर दुकानदाराच्या नफ्यात पडतो, आणि जाण्या-येण्याचं पेट्रोल धरलं की तोही बऱ्याचदा उरत नाही.

ज्यांची कर्नाटकात जीएसटी नोंदणी आहे, त्यांनी एक काळजी घ्यावी. कोल्हापूरच्या काउंटरवर घेतलेल्या मालाच्या बिलात सीजीएसटी आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी लागला, तर त्या कराची वजावट कर्नाटकातल्या नोंदणीवर मिळत नाही. म्हणजे हजारभर स्वस्त मिळालेला मॉनिटर त्यापेक्षा जास्त रकमेची वजावट घालवू शकतो. खरेदीच्या आधी आपल्या सीएला एक फोन करा.

कंपनीची वॉरंटी देशभर चालते, पण चालते म्हणजे कशी, हे विचारायला हवं. बऱ्याच नामवंत कंपन्या मॉनिटरला तीन वर्षं देतात, काही एकच वर्ष. माणूस घरी येणार, की आपण मॉनिटर घेऊन सेंटरला जायचं? सेंटर बेळगावात आहे, की थेट हुबळीला? खरेदीआधी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन करा, आपला पिनकोड सांगा आणि विचारा. 590001 ला घरी येणारा माणूस 591302 ला, म्हणजे खानापूरला येईलच असं नाही. ज्या कंपनीचं उत्तर गोलमोल, ती कंपनी यादीतून काढा. दोन मॉनिटर तोडीस तोड असतील आणि एकाचं सेंटर जवळ असेल, तर पाचशे रुपये जास्त देऊन मी तोच घेईन.

मेलेल्या पिक्सेलचा, म्हणजे कायमचा बंद पडलेल्या ठिपक्याचा, नियमही आधीच विचारा. एखाद-दुसरा पिक्सेल मेला तर बऱ्याच कंपन्या तो दोष धरत नाहीत. पांढऱ्या पानावर मधोमध तसा काळा ठिपका असला, तर बारीक टायपात तो अनुस्वारासारखा दिसतो आणि प्रूफ वाचणारा फसतो. म्हणून दुकानातच पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं अशी पाच कोरी पानं पूर्ण पडद्यावर उघडून बघा. बिल होण्याआधी दुकानदार मॉनिटर बदलून देतो, नंतर कंपनीकडे बोट दाखवतो.

ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, वरचं लेबलही त्यात येऊ द्या. काच फुटलेली निघाली तर वॉरंटीत बसत नाही, फक्त परतीच्या मुदतीत बदलून मिळते. विकणाऱ्याने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. वस्तू कोल्हापुरात घेतलेली असो की ऑनलाइन, बेळगावकराला बेळगावातच दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी फी नाही.

आणताना आणि जोडताना

मॉनिटरचं खोकं नेहमी उभं न्यायचं. बसच्या डिकीत आडवं टाकून वर कुणाची तांदळाची पिशवी आली की काच गेलीच. दुचाकीवर मागे बसणाऱ्याने दोघांच्या मध्ये उभं धरावं, काचेची बाजू पाठीला टेकवून दाबू नये. पावसाळ्यात खानापूरकडे नेताना खोक्यावर प्लास्टिक घाला, आणि घरी पोचल्यावर लगेच चालू न करता तासभर खोलीत राहू द्या. बाष्प धरलं असेल तर सुकून जातं. खोकं आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.

जोडल्यावर पहिल्यांदा डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं रिझोल्यूशन निवडा. नव्या मॉनिटरवर अक्षरं “फुटल्यासारखी” दिसतात अशी तक्रार येते, त्यात पुष्कळदा जुन्या मॉनिटरचं 1366 × 768 तसंच राहिलेलं असतं. व्हीजीए असेल तर मॉनिटरच्या बटणांतून ‘ऑटो ॲडजस्ट’ करा. मग विंडोजच्या सर्चमध्ये ‘क्लिअरटाइप’ शोधून ते चार-पाच नमुने निवडा. मराठी अक्षराच्या कडा यामुळे लगेच सुधारतात आणि यासाठी एक पैसा लागत नाही. ब्राइटनेस कारखान्यातून बऱ्याचदा फार वर ठेवलेला येतो, तो शेजारच्या कागदाइतका पांढरा दिसेल एवढा खाली आणा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी. स्टँड उंच होत नसेल तर खाली लाकडी फळी ठेवा.

लाईटचं काय?

आपल्याकडे अजून सगळे ‘केईबी’च म्हणतात, कंपनी आता हेस्कॉम आहे. नाव काहीही असो, वळवात आणि जून-जुलैत लाईटचे धक्के बसतातच. यातली एक गोष्ट नीट समजून घ्या. मॉनिटरच्या लेबलवर 100–240 व्होल्ट लिहिलेलं असतं. व्होल्टेज 170 पर्यंत उतरलं तरी मॉनिटरला काही होत नाही, त्याच्यासाठी वेगळा स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही. मारतं ते वाढलेलं व्होल्टेज. झाडाची फांदी पडून खांबावरचा न्यूट्रल तुटला, की घरात 230 च्या जागी 400 च्या आसपासही येऊ शकतं. एमसीबी त्याला पडत नाही. त्यासाठी मीटरनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवतात. वायरमनला याच नावाने सांगा. मॉनिटर आणि सीपीयू दोन्ही यूपीएसवर ठेवा, आणि अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून मीटर लावून बघून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या पिनेला मागे वायरच नसते. बाहेरचा ॲडॉप्टर असलेला मॉनिटर मला आपल्या भागासाठी बरा वाटतो तो यामुळेच: धक्का बसला तर पुष्कळदा ॲडॉप्टरवर निभावतं. व्होल्टेजने जळालेलं वॉरंटीत सहसा धरत नाहीत. विजा चमकू लागल्या की प्लगबरोबर इंटरनेटची वायरही काढा, धक्का तिथूनही येतो.

विजेच्या खपाची चिंता नको. 22-24 इंची एलईडी मॉनिटर साधारण 20 वॅट घेतो. रोज आठ तास, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे चार-सव्वाचार युनिट. जुना काचेच्या नळीचा 17 इंची डबा याच वेळात पंधराच्या घरात जायचा. घरात गृहज्योतीच्या (कर्नाटकातल्या मोफत विजेच्या योजनेच्या) मर्यादेवर डोळा ठेवणाऱ्यांना तेवढाही फरक जाणवतो.

जुन्याचं काय करायचं?

केबल आणि ॲडॉप्टर चांगले असतील तर काढून ठेवा, उपयोगी पडतात. मॉनिटर मात्र भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. जुन्या नळीच्या डब्याच्या काचेत शिसं असतं, आणि एलईडीच्या आधीच्या सपाट मॉनिटरमधल्या बारीक ट्यूबमध्ये पारा. नवा देणारा दुकानदार जुना घेतो का ते विचारा. नाही म्हणाला तर ज्या कंपनीचा मॉनिटर आहे तिच्या वेबसाइटवर ई-कचरा गोळा करण्याची माहिती असते. त्यावर आपला पिनकोड घालून बघा, किंवा टोल फ्री नंबरवर विचारा.